नाक कुठं दाबायचं, हे कागदावर कोण मांडतं?

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकी सरकारनं एनव्हिडिया कंपनीला कळवलं, की तुमची एच20 ही चिप चीनला विकायची असेल तर आधी परवाना घ्या. जुलैत सूर बदलला, परवाने मिळतील असं सांगण्यात आलं. ऑगस्टमध्ये त्यापुढची गंमत झाली. या विक्रीतले 15 टक्के सरकारला द्यायचे आणि खुशाल विकायचं, असा सौदा ठरला. चार महिन्यांत एकाच चिपबद्दल तीन भूमिका.

अशा बातम्यांमध्ये कोण जिंकलं, कोण हरलं हेच जास्त छापून येतं. त्याआधीचा प्रश्न राहून जातो. ही चिप म्हणजे तोफ नव्हे, क्षेपणास्त्र नव्हे. भराभर आकडेमोड करणारा सिलिकॉनचा तुकडा तो. तो शस्त्रासारखा परवान्याखाली आणावा, हे सरकारला सुचलं कसं? आणि नेमकी हीच चिप, याच वेगाची, हे ठरवायला लागणारा अभ्यास केला कुणी?

हा अभ्यास करणाऱ्यांमध्ये वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठातली एक संस्था आहे. नाव लांबलचक, सेंटर फॉर सिक्युरिटी अँड इमर्जिंग टेक्नॉलॉजी. तिकडे तिला ‘सीसेट’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. जानेवारी 2019 मध्ये ती सुरू झाली. हाती सत्ता नाही, कायदा करायचा अधिकार नाही, गुप्त फायली नाहीत. तरीही जगातल्या चिपांच्या व्यापारावर तिच्या कागदांची छाप आहे. ती कशी पडली, हे समजून घेतलं की वर सांगितलेल्या बातम्या वाचायला सोप्या जातात.

थिंक टँक म्हणजे नक्की काय?

सरकारबाहेर बसून सरकारनं काय करावं याचा अभ्यास करणारी संस्था म्हणजे थिंक टँक. विद्यापीठातला प्राध्यापक एखाद्या प्रश्नावर दहा वर्षं घालवू शकतो, पत्रकाराला संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा असतो. थिंक टँकवाले या दोघांच्या मधे असतात. सहा महिने खपून तीस-चाळीस पानं लिहायची आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याला पहिल्या दोन पानांतच मुद्दा कळेल अशी लिहायची, हे त्यांचं कसब.

ही कल्पना नवी नाही. लंडनमधली रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूट 1831 ची. तंत्रज्ञान आणि युद्ध यांची सांगड घालणारी सगळ्यांत गाजलेली संस्था मात्र अमेरिकेतली रँड. दुसरं महायुद्ध संपल्यावर डग्लस या विमान कंपनीत एक प्रकल्प म्हणून ती जन्मली आणि 1948 मध्ये स्वतंत्र झाली. तिच्या 1946 च्या पहिल्याच अहवालाचा विषय होता पृथ्वीभोवती फिरणारं यान. रशियाचा स्पुटनिक उडाला 1957 साली, म्हणजे अकरा वर्षांनी. थिंक टँकांचा आब कुठून येतो ते इथं दिसतं. एरवी ‘बाजारात तुरी’ म्हणून हसण्यावारी जाईल अशी गोष्ट कुणीतरी आधीच कागदावर हिशेबासकट मांडून ठेवलेली असते.

‘उदयोन्मुख तंत्रज्ञान’ या शब्दाचीही फोड करून घेऊ. ज्याचे उपयोग अजून पक्के झालेले नाहीत ते तंत्रज्ञान उदयोन्मुख. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, हे त्याचं आजचं ठळक उदाहरण. सुरक्षेच्या दृष्टीनं त्यातली डोकेदुखी ‘दुहेरी वापरा’ची आहे. तीच वस्तू दवाखान्यातही चालते आणि रणांगणावरही. एक्स-रेमधली गाठ शोधणारा प्रोग्रॅम आणि उपग्रहाच्या छायाचित्रात रणगाडा शोधणारा प्रोग्रॅम यांच्या पोटातलं गणित जवळपास एकच असतं. रणगाडा विकला तर कळतं, गणित विकलं तर काय विकलं ते सांगणं कठीण.

सरकार हे काम स्वतः का करत नाही?

करत होतं. अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, 1972 मध्ये ‘ऑफिस ऑफ टेक्नॉलॉजी असेसमेंट’ नावाचं कार्यालय काढलं होतं. नव्या तंत्रज्ञानाचा अभ्यास करून खासदारांना समजेल अशा भाषेत सांगायचं, एवढंच त्याचं काम. दोन दशकांत त्यानं सुमारे 750 अहवाल लिहिले. अवकाशातून किरणांनी क्षेपणास्त्रं पाडायची रेगन सरकारची योजना ऐन भरात असताना, 1984 मध्ये, ती निर्दोष चालण्याची आशा फारच अंधुक असल्याचं या कार्यालयाच्या एका निबंधानं सुनावलं. लिहिणारा तरुण भौतिकशास्त्रज्ञ होता अ‍ॅश्टन कार्टर. पुढे तोच अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला.

1995 मध्ये खर्चकपातीच्या लाटेत काँग्रेसनं या कार्यालयाचा निधीच बंद केला. माझ्या मते हा शुद्ध करंटेपणा होता. अब्जावधी डॉलरच्या योजना मंजूर करणाऱ्यांनी त्या योजना समजावून सांगणारी माणसं घरी बसवली. पुढे संगणक, इंटरनेट, एआय असं एकेक येत गेलं आणि खासदारांना ते समजावायला पुढे कोण आलं? कंपन्यांचे वकील आणि थिंक टँका. रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही.

गुप्तचर खात्यांकडे माहिती भरपूर असते, पण ती तिजोरीत असते. व्यापार खात्याच्या अधिकाऱ्याला कंपन्यांशी, मित्रदेशांशी, पत्रकारांशी बोलायचं तर उघड दाखवता येईल असा कागद लागतो. सीसेटनं ही गरज अचूक हेरली. तिचा संस्थापक संचालक जेसन मॅथेनी आधी गुप्तचर विभागासाठी संशोधन करवून घेणाऱ्या आयार्पा या सरकारी संस्थेचा प्रमुख होता. आतल्या लोकांना काय हवं असतं, हे त्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती.

निविदा मोजणारी माणसं

सीसेटच्या कामाचा गाभा मोजदाद आहे, आणि मला त्यातलं हेच सगळ्यांत रोचक वाटतं. भविष्यवाणी करणारे पुष्कळ असतात, पण दुसऱ्या देशाच्या खरेदीच्या निविदा एकेक करून वाचायला चिकाटी लागते.

चीनचं लष्करही इतर कोणत्याही सरकारी खात्यासारखं निविदा काढतं आणि कंत्राटं जाहीर करतं. त्यातली बरीच कागदपत्रं उघड असत, फक्त चिनी भाषेत. सीसेटनं अनुवादकांची फळी उभी केली आणि अशी हजारो कागदपत्रं चाळली. 2021 च्या अहवालात त्यांनी एआयशी संबंधित 343 कंत्राटं बाजूला काढून, चिनी लष्कर एआयवर वर्षाला 1.6 अब्ज डॉलरहून अधिक खर्च करत असावं असा अंदाज बांधला. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी बारीक चाळणी लावली. खरेदीच्या उघड नोंदींमध्ये नाव-क्रमांकानिशी ओळखता येतील अशा एआयच्या 97 चिपा त्यांना सापडल्या. त्यातल्या जवळपास सगळ्यांचा आराखडा अमेरिकी कंपन्यांचा होता: एनव्हिडिया, झायलिंक्स, इंटेल आणि मायक्रोसेमी.

97 हा आकडा तसा किरकोळ. पण बैठकीत त्याचं वजन केवढं पडत असेल, कल्पना करा. चिनी लष्कर आपलंच तंत्रज्ञान वापरतंय असं मोघम बोलणाऱ्याला उडवून लावता येतं. यादी घेऊन आलेल्या माणसाला तसं उडवता येत नाही.

नाका नेमका कुठं आहे?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तंत्रज्ञानाच्या स्पर्धेत नाक कोणतं, ते शोधणं हे या अभ्यासकांचं दुसरं मोठं काम.

एआयला तीन गोष्टी लागतात: गणिताची रीत, भरपूर माहिती आणि आकडेमोडीची ताकद. रीत शोधनिबंधांतून जगभर पसरते, तिला कुंपण घालता येत नाही. माहितीच्या प्रती काढता येतात. ताकद मात्र चिपांतून येते, आणि चिप ही वस्तू आहे. ती कारखान्यात बनते, खोक्यात भरून जाते, सीमेवर अडवता येते.

शिवाय चिपांच्या मार्गावर एक चिंचोळी खिंड आहे. सर्वांत प्रगत चिपांवरची नक्षी कोरायला ईयूव्ही नावाची यंत्रं लागतात आणि ती जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधली एएसएमएल. वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला 50 हजार या वेगानं सोडायचे, प्रत्येकावर लेझरचा मारा करायचा, त्यातून निघालेला 13.5 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश झाइस या जर्मन कंपनीच्या आरशांवरून वळवून सिलिकॉनवर पाडायचा, असं हे प्रकरण. यंत्राचं वजन शंभर टनांच्या वर. त्या प्रकाशाचं उगमस्थान सांभाळणारी कंपनी, सायमर, अमेरिकेतल्या सॅन दिएगोची. एएसएमएलनं ती 2013 मध्ये विकत घेतली. डच यंत्रावर अमेरिकेला बोलता येतं, त्याचं एक कारण हेही. म्हणजे चिपांच्या लांबलचक वाटेवर मोजके नाके आहेत आणि त्यांच्या किल्ल्या अमेरिका, नेदरलँड्स, जपान अशा मोजक्या देशांच्या खिशात आहेत.

जानेवारी 2021 मध्ये सीसेटनं ही सगळी साखळी कडी-कडी करून मांडली आणि सल्ला दिला, की चिप बनवणाऱ्या यंत्रांवर या तिन्ही देशांनी मिळून बंधनं घालावीत. एकट्यानं दार लावलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाईल, हा त्यामागचा साधा तर्क. 7 ऑक्टोबर 2022 रोजी अमेरिकेनं प्रगत चिपा आणि यंत्रं यांच्या निर्यातीवर व्यापक बंधनं जाहीर केली. 2023 मध्ये जपान आणि नेदरलँड्सनीही आपापले नियम कडक केले.

मग सरकार या संस्थेच्या तालावर नाचलं का? असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. सरकारात याच दिशेनं विचार करणारे आधीपासून होते. ईयूव्ही यंत्र चीनला जाऊ नये म्हणून अमेरिकेनं डच सरकारकडे आग्रह धरला, तो ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतच. अहवालानं इच्छा निर्माण केली नाही. इच्छा होती, तिला नकाशा मिळाला.

आज बाहेर, उद्या आत

या नकाशाबरोबर माणसंही आत गेली. बायडेन सरकार आल्यावर मार्च 2021 मध्ये मॅथेनी व्हाइट हाउसमध्ये तंत्रज्ञान आणि राष्ट्रीय सुरक्षेचं काम पाहू लागला. चिपांवरच्या त्या अहवालाचा एक लेखकही राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत गेला. एआय आणि सुरक्षा यांवर काँग्रेसनं नेमलेला जो आयोग होता, गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट ज्याचे अध्यक्ष होते, त्यातही मॅथेनी सदस्य होताच. जुलै 2022 पासून तो रँडचा प्रमुख आहे. एकूण वर्तुळ लहान आहे.

याला लागेबांधे म्हणावं की अनुभव? दोन्ही आहे. विषय कळणारी माणसं मुळात थोडी, त्यामुळे तीच इकडून तिकडे जाणार. पण याची किंमतही असते. ज्यानं बाहेर बसून औषध सुचवलं, तोच आत जाऊन ते देऊ लागला, तर ते लागू पडत नाही असं सांगणार कोण? माझा आक्षेप कुणाच्या हेतूवर नाही, तपासनीस उरत नाही यावर आहे.

पैसा कुणाचा?

हा प्रश्न कोणत्याही थिंक टँकबद्दल पहिल्यांदा विचारावा. सप्टेंबर 2014 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं परदेशी सरकारं वॉशिंग्टनमधल्या नामवंत थिंक टँकांना कसे पैसे पुरवतात ते उघड केलं, तेव्हापासून तर नक्कीच.

सीसेट सुरू झाली ती ओपन फिलान्थ्रॉपी या देणगीदार संस्थेच्या 5.5 कोटी डॉलरवर. त्या संस्थेमागचा मुख्य पैसा फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक डस्टिन मॉस्कोविट्झ आणि त्याची पत्नी कॅरी टूना यांचा. एआय बेलगाम झाली तर मोठं संकट ओढवेल, ही त्या वर्तुळातली जुनी चिंता. याच संस्थेनं 2017 मध्ये, पुढे चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयला 3 कोटी डॉलर दिले होते. पुढे सीसेटमधली संशोधक हेलन टोनर ओपनएआयच्या संचालक मंडळावर गेली. तीही पूर्वी ओपन फिलान्थ्रॉपीतच होती.

नोव्हेंबर 2023 मध्ये या धाग्यांचा गुंता जगापुढे आला. ओपनएआयच्या मंडळानं कंपनीचा प्रमुख सॅम ऑल्टमन याला काढलं, पाच दिवसांत तो परतला आणि टोनर मंडळाबाहेर गेली. त्याआधी महिनाभर सीसेटनं एक निबंध काढला होता, टोनर त्याची सहलेखिका. आपला इरादा खरा आहे हे देश आणि कंपन्या दुसऱ्यांना कसं पटवतात, असा रूक्ष विषय. त्यात ओपनएआयपेक्षा अँथ्रॉपिक या प्रतिस्पर्धी कंपनीच्या सबुरीचं कौतुक झालं होतं आणि ऑल्टमननं त्यावरून टोनरकडे नाराजी व्यक्त केल्याचं न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं. एरवी शे-दोनशे जणांनी वाचला असता असा निबंध बोर्डरूममधल्या भांडणाचा पुरावा झाला.

खाल्ल्या मिठाला जागणं माणसाच्या स्वभावात आहे. देणगीदार फोन करून अमुक निष्कर्ष काढा असं सांगत नसतो, तशी गरजही पडत नाही. कोणता प्रश्न अभ्यासायचा, इथंच निम्मी दिशा ठरते. तरी सीसेटच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी: तिची बरीच सामग्री उघड असते, चिनी दस्तऐवजांचे इंग्रजी अनुवादसुद्धा कुणालाही वाचता येतात. निष्कर्ष पटला नाही तरी मोजणी तपासता येते. एखाद्या सल्लागार कंपनीच्या चकचकीत अहवालात ती सोय नसते.

हे लोक भीतीच विकतात ना?

काही अंशी हो. धोका नाही असं सांगणाऱ्या अहवालाला कोण विचारतं! पण उलट उदाहरणंही आहेत. एआयच्या अजस्र वाढीचे आलेख सगळे कौतुकानं दाखवत होते, तेव्हा जानेवारी 2022 मध्ये सीसेटच्या एका निबंधानं साधं गणित मांडलं. आकडेमोडीची भूक त्याच वेगानं वाढत राहिली, तर काही वर्षांत सर्वांत मोठं एकच मॉडेल शिकवायचा खर्च अमेरिकेच्या एका वर्षाच्या सगळ्या उत्पन्नाहून जास्त होईल. अर्थात वेग मंदावणार, दुसऱ्या वाटा शोधाव्या लागणार. वर्गातल्या हुशार मुलानं गुरुजींची आकडेमोड फळ्यावर दुरुस्त करावी तसं हे.

मग बंदीचा उपयोग झाला का?

इथं मात्र नकाशा आणि जमीन यांतला फरक दिसतो. 2022 च्या नियमात चिपांनी आपसांत माहिती किती वेगानं द्यायची याची मर्यादा होती: सेकंदाला 600 गिगाबाइट. एनव्हिडियानं तो वेग 400 वर आणून चीनसाठी ए800 आणि एच800 या खास चिपा काढल्या, त्याही नियमात बसवून. सरकारला जाग आली ऑक्टोबर 2023 मध्ये, तेव्हा त्यांवरही बंदी आली. मग कंपनीनं एच20 काढली. सुरुवातीच्या बातमीतली चिप ती हीच.

ऑगस्ट 2023 मध्ये हुआवेनं मेट 60 प्रो हा फोन आणला. त्यातली 7 नॅनोमीटर श्रेणीची चिप चीनच्याच एसएमआयसी या चिप बनवणाऱ्या कंपनीनं ईयूव्हीविना, जुन्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा कोरून बनवली होती. महाग पडते, वाया जास्त जाते, पण बनते. जानेवारी 2025 मध्ये डीपसीक या चिनी एआय कंपनीनं तर खळबळच उडवली. आपलं मॉडेल 2,048 एच800 चिपांवर शिकवल्याचं त्यांनी सांगितलं. म्हणजे पळवाटेतून आलेल्याच चिपांवर.

काहींना यात बंदी फसल्याचा पुरावा दिसतो, तर काहींच्या मते डीपसीकला चिपा कमी पडत होत्या म्हणूनच काटकसरीची रीत शोधावी लागली, म्हणजे बंदी बोचते आहे. मला वाटतं दोघंही अर्धवट बरोबर आहेत. नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरं, पण दाबून फार वेळ ठेवलं तर माणूस तोंडानंच श्वास घ्यायला शिकतो. नाका किती अरुंद आहे ते अहवालाला मोजता येतं. अडवलेला माणूस चिडून किती वर्षांत आपला रस्ता बांधेल, ते मोजायची पट्टी अजून कुणाकडे नाही.

आणि ही अडवणूक दोघांपुरती राहत नाही. जानेवारी 2025 मध्ये बायडेन सरकारनं जाता जाता जगाची तीन गटांत वाटणी करणारा नियम काढला. पहिल्या गटातल्या 18 देशांना चिपा मोकळेपणानं मिळणार होत्या, चीनसारख्यांना नाहीच, आणि मधल्या भल्यामोठ्या गटाला मापून. भारत मधल्या गटात होता. मे महिन्यात ट्रम्प सरकारनं तो नियम रद्द केला आणि अटींची बोलणी देशागणिक सुरू झाली.

विहीरच आटली तर?

सीसेटची सगळी मदार उघड कागदांवर होती. चीनच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. 2023 मध्ये चिनी माहितीकोशांनी परदेशी वाचकांसाठी दारं ओढून घ्यायला सुरुवात केली. सीएनकेआय हा तिथला शोधनिबंधांचा सर्वांत मोठा साठा. त्यानं 1 एप्रिलपासून परदेशातल्या संस्थांना प्रबंध आणि परिषदांचे निबंध दाखवणं थांबवलं. कंपन्यांच्या नोंदी पुरवणाऱ्या सेवाही आक्रसल्या. मे महिन्यात वॉल स्ट्रीट जर्नलनं यामागचं कारण छापलं. अमेरिकी थिंक टँकांचे अहवाल बीजिंगच्या डोळ्यांत खुपले होते, आणि त्यांत चिनी लष्कराच्या खरेदीच्या नोंदी चाळून काढलेले सीसेटचे अहवालही होते.